समुपदेशकाचा पगार कोण देणार?

कोल्हापूर जिल्ह्यात स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करणाऱ्या लहान संस्था आणि महिला मंडळे पैशाबद्दल जे प्रश्न विचारतात, ते फिरून फिरून तेच असतात. 'मंडळ दहा वर्षांचे आहे, सरकारी अनुदान कुठे मिळेल?' 'कंपनीत गेलो तर शिलाई मशिन देतो म्हणाले, पण आम्हाला समुपदेशक हवी आहे.' 'परदेशी निधी मिळवून देतो म्हणून एक गृहस्थ पाच टक्के आगाऊ मागताहेत, द्यावेत का?' शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. त्या गृहस्थांना चहा पाजा आणि वाटेला लावा. खरा देणगीदार अर्जासाठी आगाऊ पैसे मागत नाही.

बाकीच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. या क्षेत्रात वस्तूंसाठी पैसा पटकन मिळतो, माणसांसाठी मिळत नाही. मार खाऊन आलेली बाई रात्री दारात उभी राहते तेव्हा तिच्याशी नीट बोलणारी, पोलीस ठाण्यात तिच्या शेजारी बसणारी आणि दोन महिन्यांनी कोर्टाच्या तारखेची आठवण करणारी प्रशिक्षित व्यक्ती लागते. त्या व्यक्तीचा पगार हाच तुमचा मुख्य खर्च. तेव्हा खाली दिलेला प्रत्येक मार्ग तपासताना एकच विचारा: यातून पगार निघेल का? निघत नसेल तर तो मार्ग टाकू नका, पण त्याच्यावर संस्था उभी करू नका.

आधी घर आवरा: कागदपत्रे

अर्ज बाद होण्याचे कारण बहुतेक वेळा कामात नसते, कागदात असते. विशेषतः जुन्या मंडळांच्या बाबतीत.

- नोंदणी. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्ही कायद्यांखाली संस्था नोंदवल्या जातात. दोन्ही प्रमाणपत्रे आणि परिशिष्ट एकचा ताजा उतारा हाताशी ठेवा.
- बदल अर्ज. विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अध्यक्षा वारल्या, सचिव लग्न होऊन पुण्याला गेल्या, आणि उताऱ्यावर अजून त्यांचीच नावे आहेत, ही अवस्था फार मंडळांची आहे. ज्यांची नावे उताऱ्यावर नाहीत त्यांच्या सहीचा प्रस्ताव देणगीदार बाजूला ठेवतो. हे काम आधी उरका, त्याला वेळ लागतो.
- उद्दिष्टे. संस्थेच्या घटनेत 'महिलांचे हक्क व संरक्षण, कायदेविषयक व वैद्यकीय साहाय्य, समुपदेशन' असे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहा. 'महिलांचा सर्वांगीण विकास' एवढ्यावर भागत नाही.
- ऑडिट. लागोपाठ तीन वर्षांचे लेखापरीक्षण. एखाद्या वर्षी व्यवहार शून्य असला तरी ते करून घ्या.
- आयकर. १२एबी आणि ८०जी. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, मग पाच वर्षांची. लहान संस्थांसाठी १२एबीचा हा काळ दहा वर्षांपर्यंत वाढवण्याची सोय २०२५ च्या वित्त कायद्याने केली. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख आहे आणि त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. तोंडी जुनेच आकडे चालतील. तुमची नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे एवढे मात्र सीएकडून लिहून घ्या.
- दर्पण. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक सरकारी अनुदानासाठी लागतोच. तो फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

आणखी एक नोंदणी बहुतेकांना माहीत नसते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ च्या कलम १० खाली संस्थेला 'सेवा पुरवठादार' म्हणून नोंद करून घेता येते. त्यासाठी तशा सेवेचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. या नोंदणीने एक पैसाही मिळत नाही, तरी ती करावी असे माझे ठाम मत आहे. बाईच्या संमतीने तुम्हाला घरगुती घटनेचा अहवाल, म्हणजे डीआयआर, भरून दंडाधिकाऱ्यांकडे आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. शिवाय सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल तुमच्या कार्यकर्तीवर दावा लावता येत नाही. सासरकडची मंडळी 'आमचे घर फोडले' म्हणून कार्यकर्तीच्या दारात येतात, तेव्हा हे संरक्षण उपयोगी पडते.

दोन कार्यालये, एकच नाव

'महिला बालकल्याणला गेलो, तिथे म्हणाले आमच्याकडे नाही.' ही तक्रार ऐकली की समजावे, बाई चुकीच्या इमारतीत गेल्या. जिल्ह्यात या नावाची दोन वेगळी कार्यालये आहेत.

एक राज्य शासनाचे, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचे. त्याच्या वर पुण्याचे महिला व बालविकास आयुक्तालय. निवारागृह, वन स्टॉप सेंटर, संरक्षण अधिकारी हे सगळे या बाजूला.

दुसरे जिल्हा परिषदेचे, महिला व बालकल्याण विभागाचे. अंगणवाड्या आणि परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून चालणाऱ्या योजना त्यांच्याकडे. तालुक्याला समुपदेशन केंद्र चालवण्याची योजना याच निधीत बसते.

प्रस्ताव कोणाच्या नावे आहे हे पहिल्या ओळीत लिहा, आवक क्रमांक घ्या, शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी 'ठेवून जा' वर विसंबू नका.

सरकारी योजनांतून काय मिळते

केंद्राच्या 'मिशन शक्ती' या छत्राखाली सध्याच्या बहुतेक योजना येतात. त्याचे दोन भाग आहेत. 'संबल' मध्ये वन स्टॉप सेंटर, १८१ हेल्पलाइन आणि नारी अदालत. 'सामर्थ्य' मध्ये शक्ती सदन, सखी निवास वगैरे. स्वाधार आणि उज्ज्वला या जुन्या योजना शक्ती सदनात मिसळल्या आहेत, त्यामुळे 'स्वाधारसाठी अर्ज' असे लिहून नेलेला कागद परत येईल. शक्ती सदनाचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. वन स्टॉप सेंटरचा पैसा केंद्राकडून, निर्भया निधीतून येतो. हे मिशन २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी मंजूर होते. तेव्हा पुढच्या काळाच्या मार्गदर्शक सूचना हातात आल्याशिवाय प्रस्तावाचा खर्च आखू नका.

आता एक सल्ला, जो अनेकांना पटत नाही. निवारागृह हा तुमचा पहिला प्रकल्प नसावा. त्याला वेगळा परवाना लागतो, चोवीस तास माणसे लागतात, आईबरोबर मुले असली तर बाल न्याय कायद्याच्या अटी पाहाव्या लागतात. आणि साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे म्हटल्यावर दोन्ही हप्ते एकाच महिन्यात येतील अशी आशा ठेवू नका. समुपदेशन केंद्राचा हप्ता रखडला तर कार्यकर्तीचा पगार थकतो. निवारागृहाचा रखडला तर पंधरा बायकांचा शिधा थांबतो. आधी तीन-चार वर्षे समुपदेशनाचे काम नीट चालवा आणि निवाऱ्यासाठी असलेल्या संस्थांशी संबंध ठेवा.

लहान, एकवेळच्या कामासाठी राष्ट्रीय महिला आयोग कायदेविषयक जागृती, परिसंवाद आणि संशोधन यांना मदत करतो. ओळख आणि अनुभव मिळवायला ठीक. पगार त्यातून निघत नाही.

मनोधैर्य योजनेबद्दलही गैरसमज आहे. २०१३ पासूनची ही राज्याची योजना बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांना अर्थसाहाय्य देते. तो पैसा त्या बाईचा किंवा मुलीचा आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत तिला मिळणारा. त्यातून संस्थेने 'सेवाशुल्क' कापणे तर दूरच, 'स्वखुशीची देणगी' देखील घेऊ नये.

गावाचा पैसा

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. बहुतेक गावांत ती अंगणवाडीच्या खुर्च्यांवर आणि हळदीकुंकवाच्या वाणावर जाते. तुम्ही मागितली नाही तर पुढेही तशीच जाईल.

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ज्या जिल्ह्यातल्या एका गावाच्या ठरावाने मंत्रालय हलते, त्या जिल्ह्यात ग्रामसभेचा ठराव हलका समजू नये. पैशासाठीही मार्ग तोच. ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत मागणी मांडा, ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात घालून घ्या, ठराव क्रमांक लिहून घ्या.

रक्कम लहान असेल. एका गावातून पगार निघणार नाही. पाच-सहा गावांनी मिळून महिन्यातून दोनदा समुपदेशक बोलावण्याचा खर्च उचलला तर काम होते. एक सावधगिरी बाळगा. ग्रामपंचायतीच्या इमारतीत फुकट खोली देऊ केली तर आनंदाने हो म्हणण्याआधी तिचे दार कुठे उघडते ते पाहा. चावडीसमोरून आत शिरणाऱ्या बाईची बातमी तिच्या आधी घरी पोहोचते. त्यापेक्षा आरोग्य उपकेंद्र किंवा शाळेमागची खोली बरी. तिथे जायला बाईकडे दुसरे कारण असते.

महानगरपालिका आणि नगरपालिकांकडेही महिला व बालकल्याणासाठी राखीव तरतूद असते. अंदाजपत्रक तयार होण्याच्या वेळी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच मागणी द्या. मार्चमध्ये गेलात तर 'पुढच्या वर्षी बघू' ऐकाल.

या जिल्ह्यात सहकाराकडेही पाहायला हवे. बँका, पतसंस्था, दूध संस्था, कारखाने यांना नफ्यातला काही भाग धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येतो. वार्षिक सभेच्या आधी लेखी अर्ज द्या. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: याच संस्थेच्या संचालकाच्या सुनेने उद्या तुमच्याकडे तक्रार आणली, तर तुम्ही ती न डगमगता घ्याल? 'हो' म्हणता येत नसेल तर तो धनादेश महाग पडेल.

कंपन्यांचा सीएसआर

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यापैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समता आणि महिलांसाठी निवास हे विषय नावानिशी आहेत. 'आमच्या धोरणात बसत नाही' असे कंपनीने म्हटले तर ते तिचे धोरण झाले. कायद्याची आडकाठी नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे.

तुमच्याकडे १२ए, ८०जी, कंपनी मंत्रालयाकडील सीएसआर-१ नोंदणी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. कोणती कंपनी कोणत्या जिल्ह्यात किती खर्च करते, हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर पाहता येते. दहा कंपन्यांना एकच पत्र पाठवण्यापेक्षा हे पाहून तिघींकडे जा.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतले बरेच कारखाने या मर्यादेत येत नाहीत. त्यांच्याकडे दुसऱ्या कारणासाठी जा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत समिती हवी, आणि तिच्यावर महिलांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेतील किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची सदस्य हवी. नियमांतला भत्ता दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च एवढाच आहे. पण कामगारांच्या आणि समितीच्या प्रशिक्षणाचे शुल्क तुम्ही ठरवू शकता. वर्षाला आठ-दहा कारखाने धरले तरी अर्ध्या पगाराची सोय होते, आणि हा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नसतो. अशा शुल्काचे एकूण जमेशी प्रमाण आयकराच्या वीस टक्क्यांच्या मर्यादेत राहते का, हे सीएला विचारा. आणि त्याच कारखान्यातील बाई तुमच्या केंद्रावर केस घेऊन आली तर समितीतून त्या प्रकरणापुरते बाजूला व्हा.

परदेशी निधी

संयुक्त राष्ट्रांचा महिलांवरील हिंसा संपवण्यासाठीचा विश्वस्त निधी १९९६ मध्ये सुरू झाला. आशियात काम करणारा विमेन्स फंड एशिया आहे, ॲमस्टरडॅमचा मामा कॅश आहे. नावे ऐकून हुरळून जाऊ नका. परदेशातून एक रुपयाही घ्यायचा तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. बेळगावच्या नात्यातल्या, पण आता अमेरिकेचे नागरिक झालेल्या भावाने पाठवलेली देणगी सुद्धा परदेशीच धरली जाते.

- नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत.
- रक्कम येण्याचे खाते दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतच.
- एका संस्थेने घेऊन दुसरीला वाटणे २०२० च्या दुरुस्तीनंतर बंद. 'आमच्या एफसीआरएवर तुमचा पैसा घेतो' असे मोठी संस्था म्हणाली तर दोघीही अडकाल.
- प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत.

या शेवटच्या अटीने अनेकजणी घाबरून समुपदेशकांचे पगार कमी दाखवतात. तशी गरज नाही. नियमांत प्रशासकीय खर्चाची व्याख्या करताना, कल्याणकारी संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट होणारा खर्च वगळला आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार ही तिथलीच उदाहरणे. समुपदेशन हेच तुमचे काम असेल तर समुपदेशकाचा पगार हा कार्यक्रमाचा खर्च आहे. नेमणूकपत्रात पद आणि कामाचे स्वरूप तसे लिहा, हजेरी आणि केसची नोंदवही ठेवा, आणि सीएला आधी दाखवा.

लहान मंडळाने या वाटेला पहिल्या पाच वर्षांत जाऊ नये. भारतातच अझीम प्रेमजी फाउंडेशन, टाटा ट्रस्ट्स यांच्यासारखे मोठे देणगीदार आहेत. त्यांच्याकडे जायला एफसीआरए लागत नाही.

अंदाजपत्रक: लाज न बाळगता

एका तालुक्यातील लहान केंद्राचा वर्षाचा खर्च उदाहरणादाखल मांडू. आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, प्रमाण पाहा.

- दोन समुपदेशक, दरमहा २५,००० प्रत्येकी: ६,००,०००
- अर्धवेळ हिशेबनीस, दरमहा ८,०००: ९६,०००
- जागाभाडे व वीज, दरमहा १०,०००: १,२०,०००
- कार्यकर्त्यांचा प्रवास व फोन, दरमहा ६,०००: ७२,०००
- बायकांचा प्रवास आणि तातडीची मदत, दरमहा ५,०००: ६०,०००
- समुपदेशकांचे प्रशिक्षण व तज्ज्ञांची देखरेख: ४०,०००
- लेखापरीक्षण: २०,०००

एकूण १०,०८,०००. यात साठ टक्के नुसते समुपदेशकांचे पगार आहेत. हे दाखवायला लाजू नका. 'मानधन' म्हणून सहा हजारांवर बाई ठेवली की ती आठ महिन्यांत अंगणवाडीची भरती निघताच जाते, आणि तिच्याबरोबर चाळीस केसचे धागे जातात.

तपशिलात कुठे चुकते ते सांगतो. वकिलाची फी अख्खी धरू नका: विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, नोटरी हा सुटा खर्च मात्र धरा. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर. बाईला मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट असले तरी दोन मुले बरोबर, दिवसाची मजुरी बुडालेली, दुपारचे जेवण, असे सगळे मिळून तारीख महाग पडते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे अपिलासाठी मुंबईला जाण्याचा जुना खर्च मात्र आता काढून टाका. तो तसाच ठेवलेले अंदाजपत्रक पाहिले की देणगीदाराला कळते, गेल्या वेळचीच फाईल पुढे सरकवली आहे.

देखरेखीची ओळ सर्वांत आधी कापली जाते. ती कापू देऊ नका. रोज मारहाणीच्या गोष्टी ऐकणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा स्वतःचे ऐकणारे कुणी लागते. कोल्हापुरातल्या 'सायबर'सारख्या महाविद्यालयांतील समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येतात. ते मदतीला घ्या, पण त्यांना समुपदेशकाच्या जागी बसवू नका.

प्रस्तावात काय मोजावे

'वर्षात किती संसार जोडले?' हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. या रकान्यात मोठा आकडा भरण्याचा मोह टाळा. एकदा तो भरलात की पुढच्या वर्षी तुमच्याच कार्यकर्त्या बाईला, तिला नको असताना, नांदायला पाठवू लागतील, कारण आकडा गाठायचा असतो. समेट मोजायचाच असेल तर सहा महिन्यांनी मारहाण थांबलेली आहे का, हेही मोजा. त्याऐवजी हे द्या: पहिल्या भेटीनंतर किती जणी पुन्हा आल्या, किती डीआयआर भरले, किती अंतरिम पोटगीचे आदेश झाले आणि त्यातल्या कितींची रक्कम खरोखर हातात पडली. शेवटचा आकडा छोटा असेल. तरी द्या.

नोंदी नीट ठेवल्या तर त्यांचे काय होऊ शकते याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आज तो राज्यभरात शासनाच्या पैशावर चालतो. 'सेहत' या संस्थेने मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभे केले. पुढे महापालिकेने ते स्वतःकडे घेतले आणि इतर रुग्णालयांत नेले. दोन्हीकडे सुरुवातीला प्रकल्पाचा पैसा होता आणि शेवटी समुपदेशकांची पदे सरकारी खर्चात आली. कोल्हापुरात सीपीआरसारखे मोठे रुग्णालय आहे, उपजिल्हा रुग्णालये आहेत. प्रस्ताव लिहिताना 'तीन वर्षांनंतर हे पद कोण घेईल' याचे उत्तर त्या दिशेने शोधा. आणि या जिल्ह्याला हा विषय नवा आहे असेही लिहू नका. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच संस्थानात कायदा केला होता.

फोटो मागितला तर

बलात्कारपीडितेची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पोक्सोचे कलम २३ आहे. नवऱ्याच्या मारहाणीच्या केसमध्ये कायदा एवढा कडक नसला तरी तुमचा नियम तोच हवा. नाव बदलून भागत नाही: 'आजरा तालुक्यातील शिक्षिका, दोन जुळ्या मुली' एवढ्यावर सगळा तालुका तिला ओळखतो.

देणगीदाराशी करार करतानाच लिहून घ्या की केसच्या फाईली पाहायला मिळणार नाहीत, क्रमांकानुसार गोषवारा मिळेल. भेटीच्या दिवशी केंद्रावर बायकांना बोलावले जाणार नाही. धनादेश देतानाचा फोटो हवा असेल तर तो विश्वस्तांबरोबर काढा.

हप्ता अडकला तर

सरकारी अनुदान उशिरा येते, हे धरूनच चाला. किमान तीन महिन्यांचे पगार निघतील एवढी राखीव रक्कम स्थानिक देणग्यांतून उभी करा. ऊसबिले जमा झाल्यानंतरचे दिवस त्यासाठी बरे. ८०जीची सवलत हवी असेल तर देणगीदाराने २,००० रुपयांवरची रक्कम रोखीत देऊ नये, हे पावती फाडतानाच सांगा.

तुमच्या बाजूने तीन गोष्टी चोख हव्यात. अनुदानाचे खाते वेगळे. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत, कारण ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. आणि केंद्रीय अनुदानावर बँकेने दिलेले व्याज सरकारला परत, ते खर्चायचे नसते.

एवढे करूनही फाईल हलत नसेल तर:

१. आवक क्रमांक देऊन लेखी स्मरणपत्र द्या.
२. पंधरा दिवसांत उत्तर नाही, तर माहितीच्या अधिकारात विचारा: फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, त्यावरच्या टिपण्या काय, जिल्ह्याला या लेखाशीर्षाखाली किती रक्कम आली आणि कुणाला गेली. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. उत्तर आले नाही तर पहिले अपील.
३. प्रस्ताव नाकारला असेल तर कारण लेखी मागा. 'निधी उपलब्ध नाही' आणि 'त्रुटी आहेत' ही दोन वेगळी उत्तरे आहेत. त्रुटी असतील तर पूर्तता करून तोच प्रस्ताव पुन्हा देता येतो.

हप्ता सोडवण्यासाठी टक्केवारी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाता येते. जायचे की नाही हे विश्वस्त मंडळाने ठराव करून ठरवावे, एकट्या सचिवावर टाकू नये. आणि माहितीचा अधिकार उलटही चालतो हे विसरू नका. सरकारच्या मोठ्या पैशावर चालणाऱ्या संस्था स्वतःही त्या कायद्याखाली येऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमचे हिशेब गावातल्या कुणालाही मागता येतील. केसच्या फाईली मात्र त्यातून द्यायच्या नाहीत. व्यक्तिगत माहितीचे अपवाद त्याच कायद्यात आहेत.

प्रकल्प संपताना

शेवटच्या हप्त्याच्या चार महिने आधी चालू केसची यादी काढा. कुणाची तारीख कधी, वकील कोण, डीआयआर कुठे, पोटगी किती थकली, तिच्याशी कोणत्या वेळी फोनवर बोलणे सुरक्षित आहे. प्रत्येकीला स्वतः सांगा की केंद्र बंद होऊ शकते, आणि तिच्या परवानगीने ती केस संरक्षण अधिकारी, वन स्टॉप सेंटर किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे नावानिशी सोपवा. मूळ कागद, लग्नाचे फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या तिच्या तिला परत द्या आणि पोच घ्या. हे काम करणाऱ्या समुपदेशकाचा त्या चार महिन्यांचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरून ठेवा.